तळ्यातील सराव : सरळ रेषेत पोहण्याची नोंद

डिसेंबरात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेची तयारी मी यंदा गावालगतच्या लहान धरणाच्या जलाशयात, रीतसर परवानगी काढून, करीत आहे. पावसाळ्यानंतरचा समुद्र निवळायला वेळ लागतो आणि भरती-ओहोटीमुळे रोज ठरावीक वेळी पाण्यात उतरता येत नाही. तळ्याला ही अडचण नाही. मात्र धामापूरचे तळे जवळ असूनही ते मी निवडले नाही. सन १५३० च्या सुमारास बांधलेल्या त्या तळ्याचे पाणी मालवणकर पितात, तेव्हा तेथे काठावर बसावे हेच बरे. नदीचा तर प्रश्नच नाही. वाशिष्ठीतल्या मगरी चिपळूणकरांना विचाराव्यात.

या हंगामातील खरी प्रगती अंतरात नसून दिशेत आहे. तरणतलावात तळाची काळी रेघ आपल्याला सरळ ठेवते. येथे जांभ्याच्या गाळाने पाणी इतके गढूळ आहे की स्वतःचे कोपरही दिसत नाही. म्हणून साधारण आठ हात मारल्यानंतर, श्वासासाठी मान वळवण्याच्या आधी, फक्त डोळे पाण्याबाहेर येतील एवढेच डोके उचलून काठावरची खूण पाहावी लागते. डोके जास्त उचलले की पाय खाली जातात, आणि गोड्या पाण्यात ते आधीच जड वाटतात, कारण समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्क्यांनी अधिक घन असल्याने शरीराला जास्त उचलून धरते. खूण म्हणून माड निरुपयोगी ठरतो, कारण काठावर सगळे माडच. मी आता देवळाच्या कळसावर नजर ठेवतो. सकाळी पूर्वेकडे पाहिले की डोळे दिपतात, त्यामुळे आधी पश्चिमेकडे जातो आणि ऊन थोडे वर आल्यावर परततो. मनगटी घड्याळातील मार्गाची नागमोडी रेघ यामुळे बरीच सुधारली आहे.

सोबतीला होडीत पोहता येणारा एक मित्र असतो आणि कमरेला भगवा तरंगता फुगा. हा फुगा दुरून दिसण्यासाठी आहे. त्याला जीवरक्षक जॅकेट समजू नये. सांडवा आणि पाणी सोडण्याची मोरी यांच्या आसपास जात नाही, कारण मोरीजवळची ओढ वरून कळत नाही. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरणे टाळतो. सिंधुदुर्गात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात आणि त्याचे जंतू अशाच जखमेतून शिरतात. ऑक्टोबरातल्या दुपारी ढग गडगडले की लगेच बाहेर.

पुढच्या पंधरवड्यात अंतर न वाढवता चिवल्याला जाऊन एवढेच पाहायचे आहे की लाटेत डोळे नेमके केव्हा वर काढावेत, कारण लाटेच्या माथ्यावर असतानाच खूण दिसते आणि खोलगटात समोर केवळ पाणी असते.