सुविधाधिकाराचा कोरा रकाना

हद्द कायम मोजणीचा, म्हणजे जागेची हद्द मोजून खुणा दाखवण्याचा, अर्ज पुढच्या घरातल्या मुलाचा होता. मी मोजणीदार म्हणून जागेवर पोहोचलो तेव्हा फॅब्रिकेशनवाला बोळाच्या तोंडाशी गेटचं माप घेत होता. मोजणीतून काय निघणार हे अर्जदारानं आधीच धरून ठेवलं होतं. निघालंही तेच. तरी ही मोजणी माझ्या डोक्यातून जात नाही.

कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव, जुनी पेठ. दोन पिढ्यांपूर्वी दोन सख्ख्या भावांनी एक वाडा वाटून घेतला. थोरल्याला रस्त्याकडची बाजू, धाकट्याला मागची. मागच्या घराच्या पाठीशी ओढा, दोन्ही अंगांना दुसऱ्यांच्या भिंती, त्यामुळे रस्त्यावर यायला एक सात फुटी बोळच. बैलगाडी परसात जावी म्हणून तो तेवढा ठेवला होता, असं शेजारच्या म्हाताऱ्यांनी सांगितलं. आता त्या बोळात पुढच्या घराची बोलेरो उभी असते. मागच्या घरातल्या नानांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. पूर्वी रिक्षा त्यांच्या दारात यायची. आता दोघंजण त्यांना खुर्चीत बसवून गाडीच्या कडेनं काढायला जातात आणि खुर्ची अडकते.

नोटिसा, लगतधारकांच्या सह्या, पंच हे सगळं नेहमीसारखं झालं. मोजणी मात्र नेहमीसारखी होत नाही. शेतात रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणारं यंत्र, उभा केला की काही क्षणांत फिक्स, म्हणजे अचूक स्थान, मिळतो. दोन मजली भिंतींमधल्या सात फुटी बोळात आभाळाची पट्टीच दिसते, सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि मशीन फ्लोटवरच, म्हणजे अंदाजी स्थानावरच, घुटमळत राहतं. नव्यानं आलेली काही मुलं तो फ्लोटचा बिंदूही घेऊन मोकळी होतात, आणि मग निमतान्याला, म्हणजे फेरमोजणीला, फूटभराचा फरक निघाला की पक्षकार एकमेकांच्या अंगावर धावून जातात. मी रोव्हर गाडीतच ठेवला आणि ईटीएस, म्हणजे उपग्रहांशिवाय कोन आणि अंतर मोजणारं यंत्र, लावलं. चौकातल्या देवळाचा कोपरा, सार्वजनिक आडाचा कठडा आणि वाड्याचं काळ्या दगडाचं जोतं, हे तीन बिंदू जुन्या नकाशाच्या शीटवर आहेत आणि जागेवरही आहेत. भिंतीवर मी कधीच भरवसा ठेवत नाही. दर गिलाव्याला ती बोटभर फुगते. जोत्याचा दगड हलत नाही. तिन्ही बिंदू शीटशी जुळले तेव्हा बरं वाटलं. इतक्या जुन्या गावठाणात असं जुळणं नशिबानं होतं.

नगर भूमापनाची ती शीट 1:500 प्रमाणाची. शीटवरचा एक मिलिमीटर म्हणजे जागेवरचा अर्धा मीटर. शाईची रेघ पाव मिलिमीटर जाड धरली तरी जमिनीवर ती पाच इंच भरते. लोक चार बोटांसाठी डोकी फोडतात आणि खुद्द रेघच त्याहून रुंद असते, हे मी प्रत्येक मोजणीत सांगतो. ऐकून घेतात सगळे, पटत कुणालाच नाही. मोजणीला आलेल्या माणसाला हद्द कळायला नको असते, हद्द जिंकायची असते.

पण इथं चार बोटांचा प्रश्नच नव्हता. बोळ अख्खा पुढच्या सिटी सर्व्हे नंबरात होता. पेठेची नगर भूमापन चौकशी सत्तरच्या दशकात झाली तेव्हा हद्दी थोरल्या भावानं दाखवल्या. धाकट्यानं हरकत नाही म्हणून सही केली. भावावर कोण हरकत घेणार?

प्रत्येक मालमत्ता पत्रकावर 'सुविधाधिकार' असा रकाना छापलेला असतो. एकाच्या जागेतून दुसऱ्याला येण्याजाण्याचा, पाणी नेण्याचा, उजेडाचा हक्क असेल तर तो तिथं नोंदवायचा. ही दोन्ही पत्रकं मी पुन्हा काढून बघितली. दोन्हींवर रकाना कोरा. मी आजवर हाताळलेल्या पत्रकांत तो भरलेला क्वचितच दिसला आहे. चौकशी करणाऱ्यांनी क्षेत्र चौरस मीटरच्या दशांशापर्यंत लिहिलं, धारकांची नावं आडनावांसकट लिहिली, पण मागच्या घरातली माणसं रस्त्यावर येतात कुठून, एवढा एक प्रश्न कुणी विचारला नाही. त्याची किंमत आज पेठेतली निम्मी घरं मोजत आहेत. जागेवर उभं राहून दोन ओळी लिहिण्याचं काम होतं. ते न केल्याचा मला राग आहे.

हद्दीच्या खुणा दाखवल्यावर मागच्या घरातल्या काकू पुढं आल्या. "साहेब, थोरले दादा होते तेव्हा रिक्षा दारापर्यंत यायची. कधी विचारावं लागलं नाही. दादा म्हणायचे, बोळ तुमचाच आहे."

अर्जदार शांतपणे म्हणाला, "तेच म्हणतोय मी काकू. आम्ही येऊ देत होतो."

गेटपेक्षा मला ते वाक्य जड वाटलं. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षं उघडपणे, बिनतक्रार, हक्क म्हणून वापरलेली वाट हक्काची होते. परवानगीनं वापरलेली होत नाही, मग ती कितीही वर्षं वापरलेली असो. म्हणजे थोरले दादा भांडकुदळ असते, आणि धाकट्यानं त्यांच्या नाकावर टिच्चून बोळ वापरला असता, तर आज मागच्या घराची बाजू भक्कम असती. दादा मोठ्या मनाचे होते, हेच आता त्यांच्या भावाच्या विरुद्ध जाऊ शकतं. त्याच कायद्यात निकडीच्या वाटेचीही तरतूद आहे. एकत्र मिळकत वाटली गेली आणि एका हिश्शाला दुसरीकडून वाटच उरली नाही, तर ती मिळते. पण ती पायवाटेपुरती की रिक्षेपुरती, हे दिवाणी कोर्टानंच ठरवायचं. कोर्टाच्या तारखा नानांच्या प्रकृतीसाठी थांबणार नाहीत आणि प्रकृती तारखांसाठी थांबणार नाही.

काकूंनी ट्रंकेतून जुना कागद आणून दाखवला. भावाभावांनी घरीच लिहिलेलं वाटणीपत्र. त्यात 'बोळ येणेजाणेस सामाईक' असं स्पष्ट होतं. मी वाचलं, त्यांच्या जबाबात त्याचा उल्लेख घेतला, प्रत जोडली. त्या कागदावरून हद्द बदलण्याचा अधिकार मला नाही, तो कोर्टाचा.

नकाशावर अभिलेखाची हद्द सलग रेघेनं दाखवली आणि मागच्या दारापर्यंतची वाट तुटक रेघांनी, 'येण्याजाण्याची वहिवाट' असं लिहून. अर्जदार भडकला. "मी पैसे हद्दीचे भरले, वाटेचे नाही." मी सांगितलं की जागेवर जे दिसतं ते दाखवायचं असतं, आणि दगडी फरशीची झिजलेली वाट मला दिसते आहे. त्यानं सही नाकारली. तसं लिहून पंचांच्या सह्या घेतल्या.

गाडी मात्र नकाशात येत नाही. ते बांधकाम नव्हे. तिनं रोज वाट अडवली तरी आमच्या कागदावर बोळ मोकळाच दिसतो. म्हणून टेप लावून गाडीच्या कडेला उरलेलं अंतर घेतलं आणि पंचनाम्यात लिहिलं. अर्जदार म्हणाला, हे मोजायला कुणी सांगितलं? पंचांपैकी एक बोलला, "लिहा साहेब, खरं आहे ते." त्या पंचाचं घर त्याच पेठेत आहे. त्याला त्या बोलण्याचा त्रास होणार, हे त्यालाही ठाऊक असणार.

कार्यालयात वरिष्ठांनी नकाशा पाहून विचारलं, "तुटक रेघ कशाला ओढलीस? आता साक्षीला तूच जाशील." जाईन म्हटलं. त्यांच्या दृष्टीनं काम हद्द कायम झाल्यावर संपतं. बरीच चांगली माणसं आमच्या खात्यात असंच मानतात, आणि त्यामुळेच तो रकाना अजून कोरा आहे.

नकाशाच्या नकलेसाठी दोन्ही घरांचे अर्ज आले. मागच्या घरानं दिवाणी दावा लावला आहे. मला समन्स आलं की वकील विचारतील, ही वाट हक्काची होती की मेहेरबानीची? त्याचं उत्तर कुठल्याच यंत्रात नाही. माझ्याकडे आहेत ती मापं: बोळ तोंडाशी 2.13 मीटर, गाडी उभी असताना उरलेली वाट 28 सेंटिमीटर, आणि रिक्षाला लागते साधारण 1.3 मीटर.