रिटर्न माझं, मोबाईल नंबर त्यांचा

मुलीच्या शैक्षणिक कर्जासाठी सहकर्जदार म्हणून माझं नाव लागलं आणि बँकेतल्या मॅडमनी कागदांची यादी हातात ठेवली. त्यात एक ओळ होती : 'मागील तीन वर्षांचे आयटीआर, कॉम्प्युटेशनसह.' माझा साताऱ्यात भाजणी, मेतकूट, मसाले आणि दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय आहे. मुद्रा कर्ज घेतलं तेव्हापासून दरवर्षी आयकराचं रिटर्न, म्हणजेच आयटीआर, भरलं जातं. 'भरलं जातं' असंच म्हणायला हवं, कारण ते भरतात आमचे कर सल्लागार. मी विक्रीची वही आणि बँकेचं पासबुक नेऊन द्यायचं, फी द्यायची आणि घरी यायचं.

त्यांना फोन केला, तर ते नेमके मुलाच्या लग्नाच्या गडबडीत. "ताई, पंधरा दिवसांनी देतो की सगळं काढून." म्हटलं, नुसता पासवर्ड सांगा, मुलगी काढेल. तर म्हणाले, "तुम्हाला कशाला हवाय पासवर्ड? उगाच काहीतरी दाबलं जायचं." माझ्याच उत्पन्नाचे कागद, माझ्याच पॅनवरचे, आणि काहीतरी दाबलं जायची भीती मात्र त्यांना!

मुलीने आयकर खात्याचं ई-फायलिंग पोर्टल उघडलं. युजर आयडी म्हणजे आपला पॅन नंबर, एवढं सोपं. पासवर्ड विसरल्याचा पर्याय दाबला, तर पोर्टल म्हणालं, नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी पाठवतो. नंबर फुल्या मारून दाखवतात, शेवटचे आकडे तेवढे दिसतात. ते आकडे मी लगेच ओळखले. सल्लागारांचा नंबर! ईमेलही त्यांच्याच ऑफिसचा. म्हणजे इतकी वर्षं खात्याने मला जे काही कळवलं, ते त्यांच्या इनबॉक्समध्ये पडत होतं. नंतर चौकशी केली, तर आमच्या बचत गटातल्या निम्म्या बायकांची हीच कथा.

यातून बाहेर पडायची वाट पोर्टलवरच आहे. पासवर्ड बदलताना 'आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी' असाही पर्याय मिळतो. पॅन-आधार जोडलेलं हवं आणि आधारला आपलाच चालू नंबर हवा. माझा होता. ज्यांचा नसेल, त्यांनी बँकेच्या नेटबँकिंगमधून आयकर पोर्टलवर जायची सोय बघावी. तिथे हा पासवर्ड लागत नाही. आत गेल्यावर आम्ही पहिल्यांदा प्रोफाईलमध्ये जाऊन मोबाईल आणि ईमेल माझा घातला. दोन्हीवर ओटीपी आले, काम झालं. पंधरा दिवसांची वाट पाहायची होती ते काम चहा निवायच्या आत झालं.

बाकी कागद काढणं अगदीच सरळ. 'ई-फाईल'मध्ये 'इन्कम टॅक्स रिटर्न्स' आणि त्यात 'व्ह्यू फाईल्ड रिटर्न्स'. प्रत्येक वर्षाचा एक चौकोन येतो. 'फॉर्म' म्हणजे पूर्ण भरलेलं रिटर्न, 'रिसीट' म्हणजे पंधरा आकडी पोच क्रमांकाची एकपानी पावती, आणि 'इंटिमेशन' म्हणजे खात्याने रिटर्न तपासून कलम १४३(१) खाली पाठवलेलं पत्र. बँकेला नुसती पावती पुरत नाही, फॉर्मही लागतो. इंटिमेशन उघडताना पासवर्ड मागतात : पॅन छोट्या इंग्रजी अक्षरांत आणि त्याला चिकटून जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी आठ आकडी. मधे जागा नाही, रेघ नाही. जून २०२१मध्ये पोर्टल बदललं, पण आधी ऑनलाइन भरलेली माझी जुनी रिटर्नही तिथे जागच्या जागी होती.

वर्षांचा गोंधळ मात्र होतोच. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ची कमाई, ती पोर्टलवर असेसमेंट इयर, म्हणजे कर आकारणीचं वर्ष, २०२५-२६ म्हणून दिसते. बँकेला '२४-२५चं' हवं असतं तेव्हा कुठलं २४-२५, हे विचारूनच प्रिंट काढावी. १ एप्रिल २०२६पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात असेसमेंट इयर जाऊन 'टॅक्स इयर' आलंय, पण जुन्या कागदांवर जुनंच नाव राहणार.

माझा फॉर्म मी पहिल्यांदाच नीट वाचला. आयटीआर-४, सुगम. कलम ४४एडी, म्हणजे छोट्या धंद्याचा नफा उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी धरायचा : रोखीच्या विक्रीवर किमान ८ टक्के, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्यावर ६. माझी सगळी विक्री 'रोख' या रकान्यात! काउंटरवर क्यूआर कोड लावून किती वर्षं झाली, दिवाळीत तर सुट्टे पैसे बघायलाही मिळत नाहीत. कर तसाही लागत नव्हता आणि नफा जास्त दिसला तो कर्जासाठी पथ्यावरच पडला, पण मॅडमनी खातेउतारा आणि रिटर्न शेजारी ठेवून विचारलंच, "हे सगळं रोख कसं?" जे आहे ते सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पेन्सिलने काहीतरी टिपून ठेवलं.

पोर्टलवर न मिळणारी गोष्ट एकच : कॉम्प्युटेशन. उत्पन्न कसं धरलं, वजावटी कोणत्या, याचा तो हिशेबाचा कागद रिटर्न भरणाऱ्याच्या सॉफ्टवेअरमधून निघतो. तो सल्लागारांनी लग्न उरकल्यावर सही-शिक्क्यासह पाठवला. दरवर्षी पावतीबरोबर तोही मागून घ्यायचा हे आता पक्कं. आणखी एक, पावतीवर भरल्याची तारीख असते. कर्ज हवंय म्हणून दोन-तीन वर्षांची रिटर्न एकाच आठवड्यात भरून आणणारे खूप येतात, मॅडमच म्हणाल्या. अपडेटेड, म्हणजे मूळ मुदत उलटल्यावर भरायच्या, रिटर्नची मुदत आता चार वर्षांपर्यंत आहे, पण जादा कर भरून केलेली ती धावपळ बँकेला तारखेवरून लगेच कळते.

सासऱ्यांची रिटर्न कागदी, 'सरल' फॉर्मच्या काळातली. ती पोर्टलवर शोधून उपयोग नाही. आयकर खात्याच्या वॉर्डाचा शिक्का मारलेली पोच हाच पुरावा, आणि ती ट्रंकेत आहे. जाऊबाईंचं वेगळंच. भाऊजी गेले, त्यांचं रिटर्न हवं होतं, आणि कुणीतरी त्यांना भाऊजींच्याच लॉगिनने काढायला सांगितलं. तसं करू नये. वारसाने स्वतःच्या लॉगिनमधून 'रिप्रेझेंटेटिव्ह असेसी', म्हणजे गेलेल्या माणसाचा प्रतिनिधी, म्हणून नोंदणी करायची. मृत्यूचा दाखला, त्यांचं पॅन आणि वारस असल्याचा पुरावा जोडायचा. मंजुरी आली की आपल्याच खात्यातून त्यांचे कागद उघडतात. जाऊबाईंचं तसंच झालं.

सल्लागार बदलले नाहीत मी. काम त्यांचं बरं आहे, फीही बेताची. फक्त परवा त्यांचा फोन आला, "ताई, ओटीपी आला असेल, सांगा पटकन." म्हटलं, आधी भरलेला फॉर्म व्हॉट्सॲपवर टाका, रोखीचा रकाना बघते, मग सांगते.