आमची वाटचाल : पंधराची पत्ती

आबांनी सांगलीत माधवनगर रोडला गॅरेजचं पत्र्याचं शेड टाकलं तेव्हा साखर कारखान्यांचे संचालक असोत की मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी, दारात अँबेसेडरच असायची. कामाला तोटा नव्हता. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, बरं चाललं होतं. सांगायचं आहे ते 2000 नंतरचं, कारण आमच्या हातामुळे गाड्यांचे वॉल्व्ह जळले, अशी ती गोष्ट गावात काही जण अजून उलटी सांगतात.

त्या वर्षी फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोल सुरू झालं. अँबेसेडरच्या जुन्या 1489 सीसी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, बिडाचं. जळका धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट वॉल्व्ह जिथे टेकतो ती सीटही त्याच बिडात कापलेली. पेट्रोलमधलं शिसं वॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये गादीसारखं काम करायचं. ते गेलं आणि पुण्याला वेगात पळणाऱ्या गाड्यांच्या सीट झिजू लागल्या. सीट झिजली की वॉल्व्ह हेडमध्ये वर घुसतो, त्याची दांडी तिला दाबणाऱ्या रॉकरकडे सरकते आणि दोघांमधला गॅप आपोआप कमी होतो. या गॅपमुळेच टिकटिक होते, तोच टॅपेटचा आवाज. इंजिनाचा आवाज बसतो. मालकाला वाटतं, वा, काय सुरेख चाललंय!

नेमकं तेव्हाच समोर दुसरं गॅरेज उघडलं. नाव घेत नाही, कळायचं त्यांना कळेल. बोर्डवर लिहिलं होतं, ‘टॅपेटचा आवाज शंभर टक्के बंद’. गॅप मोजायची पंधराची पत्ती, तिच्या जागी पातळ आठची घालायची आणि नट आवळून मोकळं व्हायचं. आमच्याकडची गाडी टिकटिक करत जायची, त्यांच्याकडची मुकाट. गिऱ्हाईक तिकडे वळलं. पुढे एकेकाचे एक्झॉस्ट वॉल्व्ह जळू लागले, तर हे महाशय म्हणे, “हेड पूर्वी समोरच्यांनी उघडलं होतं, त्यांनीच वाट लावली.” यार्डातल्या एका पेढीने आमचं बिल अडवलं. आमच्या हाताखालची दोन पोरं कुपवाडच्या एमआयडीसीत गेली. वॉल्व्ह रिफेसिंगचं मशीन विकायला काढलं, कोल्हापूरचा माणूस येऊन बघूनही गेला.

मिरजेचे डॉक्टरसाहेब मात्र हलले नाहीत. टॅपेट करताना, म्हणजे हा गॅप लावताना, ते स्टूल घेऊन शेजारी बसायचे आणि प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर आठही वॉल्व्हचा आधीचा गॅप लिहून घ्यायचे. एकदा सगळे कागद बॉनेटवर पसरून म्हणाले, “हे बघा, 2, 3, 6, 7 जागेवर आहेत. 1, 4, 5, 8 दर वेळी कमी भरतायत.” हे चारही एक्झॉस्ट! सेटिंग चुकलं असतं तर बाकीचे चार, पेट्रोल आत घेणारे इनटेकही हलले असते. ते कागद त्यांनी स्वतः यार्डात नेऊन दाखवले. अडलेलं बिल आलं, मशीन राहिलं. कोल्हापुरातून हेडला कडक सीट-रिंगा बसवून आणायचं काम तिथून सुरू झालं आणि आज तेच आमचं मुख्य काम आहे. 2014 ला अँबेसेडर बंद झाली, 2019 च्या पुरात सांगलीने काय भोगलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. चालायचंच.

आता कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. या इंजिनाचा गॅप 15 थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे 0.38 मिलिमीटर, तोही गरम इंजिनावर. प्लग काढा, हँडलने फिरवा. आठ नंबरचा वॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की एक नंबरचा गॅप लावा, सहाचा दाबला की तीनचा. दोन्ही नंबरांची बेरीज नऊ आली पाहिजे. पत्ती जाताना जराशी धरली पाहिजे, अडकता कामा नये. लॉकनट आवळताना गॅप लावायचा स्क्रू फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा पत्ती घालून बघा; निम्मे मेकॅनिक इथेच कंटाळतात. रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर पत्ती त्याच्यावरून आडवी जाते आणि गॅप खोटा दाखवते. तो रॉकर बदला, घासत बसू नका. वरच्या झाकणाखालचं कॉर्कचं पॅकिंग दर वेळी नवं टाका, दहा-वीस रुपयांसाठी तेल गळवू नका.

बारीक टिकटिक राहू द्या. एक्झॉस्ट वॉल्व्ह सीटवर टेकला तरच त्याची उष्णता हेडमध्ये उतरते. गॅपच नसेल तर टेकणार कसा? ज्यांना आवाज अजिबात नको, त्यांनी समोर जावं, बोर्ड अजून आहे.

आणि टॅपेटसाठी गाडी शक्यतो चालवत आणा. टोचन करून आणली की इंजिन गार असतं, मग ते तापेपर्यंत तुम्हीही बसणार आणि आम्हीही.