तुम्ही विचारलंत म्हणून: पावसाळ्यात जुनेच खेळ का?

“वर्षभर नवनवे गेम शोधत असतेस, मग पावसाळा लागला की तेच जुने दोन गेम आणि कादंबऱ्यांचा गठ्ठा घेऊन का बसतेस?” हा प्रश्न मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतेच. बोलताना उत्तर नेहमी अर्धवट राहते, म्हणून एकदा नीट लिहिते.

पहिले कारण विजेचे. एप्रिल-मे महिन्यांत वळीव येतो तेव्हा दुपारभर तापलेले आकाश चारच्या सुमारास काळवंडते, वारा सुटतो, कुठेतरी गुलमोहराची फांदी तारेवर पडते आणि वीज जाते. जून ते सप्टेंबर तर तिचा भरवसाच नसतो. माझा संगणक टेबलावरचा आहे आणि घरात इन्व्हर्टर नाही. ‘स्टारड्यू व्हॅली’ या शेतीच्या गेममध्ये खेळ जतन होतो तो दिवस संपवून झोपायला गेल्यावरच. तिथला एक दिवस आपल्या साधारण १४ मिनिटांचा. तेराव्या मिनिटाला वीज गेली तर सकाळपासून केलेली पेरणी, मासेमारी, गावातल्या भेटीगाठी सगळे पुसले जाते. नव्या गेममध्ये असे झाले तर जीव हळहळतो. जुन्या गेममध्ये मात्र तो दिवस पुन्हा जगायला मला आवडते, कारण कोणते बी कुठे लावले होते ते हातांना पाठ असते.

हा गेम २०१६ साली आला. एरिक बॅरोन या एकाच माणसाने त्याची चित्रे, संगीत, लेखन, प्रोग्रामिंग असे सगळे केले, आणि पाऊस त्याला मनापासून आवडत असावा, असे मला खेळताना सतत वाटते. पावसाच्या दिवशी शेताला झारीने पाणी घालावे लागत नाही, त्यामुळे सबंध सकाळ मोकळी मिळते. नदीतला कॅटफिश पावसातच गळाला लागतो. उन्हाळ्याच्या १३ आणि २६ तारखेला तिथे वादळ ठरलेलेच असते. वीज पिकावर पडू शकते, पण शेतात तडितरक्षक उभे केले असतील तर ती त्यांच्यावर उतरते आणि दुसऱ्या दिवशी त्यातून भरलेली बॅटरी काढून घेता येते. १२ तारखेच्या संध्याकाळी मी शेताला फेरी मारून तडितरक्षक मोजते. वादळ कधी येणार हे ठाऊक असणे आणि त्याची तयारी पुरती झालेली असणे, हे सुख मला बाहेरच्या पावसात कधीच मिळालेले नाही.

दुसरा गेम १९८९ सालचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. त्यातल्या राजपुत्राला गेमचे निर्माते जॉर्डन मेक्नर यांनी आपल्या धाकट्या भावाच्या धावण्या-उड्या मारण्याचे चित्रीकरण करून त्यावरून हालचाली दिल्या, त्यामुळे त्याची धाव आजही खरी वाटते. ६० मिनिटांत राजकन्येला सोडवायचे असते. आठव्या लेव्हलच्या शेवटी दार बंद होते, राजपुत्र आत अडकतो, काहीच करता येत नाही, नुसते थांबायचे. मग राजकन्येने पाठवलेला एक इवलासा उंदीर धावत येतो, कळीच्या फरशीवर चढतो आणि दार उघडते. तो येणार हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे, तरी तो दिसेपर्यंत मी श्वास रोखून बसते.

आता खरे कारण सांगते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा माझी आई सात वर्षांची होती आणि पुण्यात नारायण पेठेत राहत होती. आजोबांनी तिला खांद्यावर घेऊन पर्वतीकडे नेले. परत आल्यावर घराच्या जागी चिखल आणि चार वासे होते. आता आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो, नदी इथपर्यंत येणार नाही हे तिलाही पक्के माहीत आहे. तरीही पावसाची संततधार लागली की तिला झोप येत नाही. खडकवासला धरणातून किती क्युसेकने पाणी सोडले, भिडे पूल पाण्याखाली गेला का, हे ती मला दर तासाला विचारते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. २५ जुलै २०२४ च्या पहाटे हा आकडा ३५ हजारांच्या वर गेला आणि नदीकाठच्या एकतानगरीतल्या घरांत पाणी शिरले, तेव्हा आई रात्रभर खुर्चीत बसून होती. मीही जागीच होते. अशा रात्री नवा गेम खेळता येत नाही, कारण नवा गेम सगळे लक्ष मागतो, आणि माझा एक कान आईकडे हवा असतो. जुना गेम तेवढी मोकळीक देतो. ती शेजारी बसून पडद्याकडे पाहते आणि मधूनच विचारते, “तुझ्या शेतात आज पाऊस आहे का गं?”

वीज गेली की कादंबरी. मेअखेरीस मी ग्रंथालयातून जाडजूड कादंबऱ्या आणून ठेवते, आणि त्या मात्र न वाचलेल्याच हव्यात, कारण मी त्या आईला मोठ्याने वाचून दाखवते आणि पुढे काय होणार हे दोघींनाही ठाऊक नसले तर ती नदी विसरते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिला बारीक अक्षर सोसत नाही. एक पथ्य मी पाळते: कथेत पूर येतो अशी शंका आली तर ती कादंबरी आधी एकटीने चाळून पाहते आणि वाटल्यास परत करते. लेख किंवा चरित्रे अशा रात्री चालत नाहीत, हे मी करून पाहिले आहे. आईला दोन पानांत खिडकी आठवते. गोष्टीतल्या एखाद्या सुनेचे दागिने हरवले, तर मात्र ते सापडेपर्यंत ती हलत नाही.

गेल्या जुलैत असेच एक प्रकरण रंगात आले असताना वीज आली. पंखा फिरू लागला, संगणकाचा दिवा लुकलुकला. “जा, तुझे शेत बघ,” आई म्हणाली. मग बॅटरी माझ्या हातातून घेऊन तिने पानावर धरली. “पण आधी एवढे प्रकरण संपव.”