जॉर्जचा सुटकेचा चेहरा
"अरे, ती मेली आणि तू हसतोस काय?" बहिणीने काल रात्री असे विचारले, तेव्हा 'साइनफेल्ड' या अमेरिकी विनोदी मालिकेचा १९९६ मधला तो भाग चालू होता, ज्यात जॉर्जने निवडलेल्या सर्वांत स्वस्त पाकिटांचा विषारी गोंद चाटून त्याची वाग्दत्त वधू दगावते आणि बातमी ऐकून चौघे मित्र कॉफी प्यायला निघतात.

हसू मरणाचे नव्हते. जॉर्जच्या चेहऱ्यावरची, जेमतेम लपलेली सुटका पाहून आले होते.

कुणी गळ्यात पडायचे नाही आणि कुणी काही शिकायचे नाही, असा या मालिकेच्या लेखनाचा दंडकच होता. त्यामुळे स्वार्थावर पश्चात्तापाचे पांघरूण पडत नाही आणि (मला हे जास्त महत्त्वाचे वाटते) जॉर्जचे बहुतेक डाव त्याच्याच अंगाशी येतात. तो सतत जिंकत राहिला असता, तर आपण असेच हसलो असतो का?