कठड्यापलीकडची पन्नास मिनिटं

मे महिन्यात कराडहून पुण्याला परत येत होतो. गाडी मी चालवत होते. शेजारी अण्णा, म्हणजे माझे वडील, मागे नऊ वर्षांचा मुलगा आणि डिकीत आंब्याच्या दोन पेट्या. खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडला, शिंदेवाडीचा चढ लागला आणि तापमानाचा काटा हळूहळू वर सरकू लागला. रस्त्याकडेला हॉटेलांसमोर मोकळी जागा होती, तिथेच थांबायला हवं होतं. पण घर आलंच आता, असं म्हणून मी गाडी पुढे काढली. चूक माझीच.

नव्या कात्रज बोगद्यात शिरलो तेव्हा काटा लाल रेघेला टेकला होता. आत थांबणं शक्यच नव्हतं. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेने आत येते, इंजिनावरचा भार तेवढाच कमी होतो. भर उन्हाळ्यात ती झळ अंगावर घेणं नको नको झालं, पण काटा आणखी वर गेला नाही.

बोगदा संपला की नवले पुलापर्यंत उतार. अण्णा म्हणाले, "अगं, इंजिन बंद कर. उतारच आहे, जाईल गाडी आपोआप." मी ऐकलं नाही. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की ब्रेकला बूस्टरची साथ राहत नाही. दोन-तीनदा दाबला की पेडल घट्ट होतं, स्टिअरिंगही जड होतं. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरणाऱ्या अवजड गाड्यांमुळे हा उतार किती बदनाम आहे, ते पुणेकरांना सांगायला नको. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री नवले पुलाजवळच्या एकाच अपघातात कितीतरी गाड्यांचं नुकसान झालं होतं. मला सारखं तेच आठवत होतं.

चारही इंडिकेटर लावले, दुसऱ्या गिअरमध्ये डावीकडे येत राहिले आणि कठड्यालगत जरा रुंद जागा दिसताच थांबले. हँडब्रेक ओढला, रिव्हर्स गिअर टाकला, पुढची चाकं कठड्याकडे वळवली. बॉनेटमधून वाफ येत होती. सात वाजत आले होते.

यापुढची पाच मिनिटं मला सगळ्यात अवघड गेली. बंद गाडीत बसून राहणं सुरक्षित वाटतं. अण्णांनाही तेच वाटत होतं. "मी बसतो गाडीत, तू फोन कर." पण उतारावरून येणाऱ्या ट्रकला थांबलेली गाडी आणि चालती गाडी यातला फरक फार उशिरा कळतो. मी आवाज चढवला. वडिलांवर आवाज चढवायची आमच्या घरात पद्धत नाही. "अण्णा, आधी उतरा. डाव्या दारानेच." मुलगाही डावीकडूनच उतरला, मी स्वतः गिअरवरून सरकत त्याच बाजूने बाहेर आले. लोखंडी कठडा अण्णांच्या कमरेपर्यंत, त्यात त्यांचा गुडघा दुखरा. शेवटी आंब्याची एक पेटी आडवी ठेवून तिची पायरी केली आणि त्यांना पलीकडे उतरवलं. उभे राहिलो तेही गाडीच्या मागे, बोगद्याच्या बाजूला, बऱ्याच अंतरावर. मागून कोणी गाडीला धडकलं तर ती पुढे ढकलली जाते. पुढे उभं असलेलं माणूस तिच्या वाटेत येतं.

बंद गाडीच्या मागे इशारा म्हणून ठेवायचा लाल त्रिकोण गाडी घेतल्यापासून खोक्यातच होता. त्याचे पाय कसे उघडतात हेसुद्धा मला माहीत नव्हतं. समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, कठड्याच्या आतूनच शंभरेक पावलं मागे गेले आणि हात लांबवून तो कडेला उभा केला. पहिल्याच ट्रकच्या वाऱ्याने आडवा झाला. मग पायांवर दोन दगड ठेवले.

विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर बराच वेळ पिनकोड विचारण्यात गेला. हायवेवर उभ्या माणसाने पिनकोड कुठून सांगायचा? मी तो फोन ठेवून 1033 लावला, राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाइन. तिथे दोनच गोष्टी सांगितल्या: साताऱ्याकडून पुण्याकडे येणारी बाजू, आणि बोगदा संपल्यावर दरी पुलाच्या अलीकडे. बाजू सांगायला विसरू नका, नाहीतर गाडी पलीकडच्या रस्त्याला येते आणि वळसा घालण्यात वेळ जातो. कोणाला लागलं असतं तर आधी 108 किंवा 112 लावला असता.

तेवढ्यात अण्णा रुमाल हाताला गुंडाळून कठड्याकडे निघालेले दिसले. रेडिएटरचं झाकण उघडून पाणी ओतायचा त्यांचा विचार. त्यांनी आयुष्यभर तसंच केलं आहे. मी धावत जाऊन त्यांना अडवलं. आतलं पाणी दाबाखाली असतं म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब जातो आणि उकळतं पाणी वाफेसकट एकदम तोंडावर येतं. अण्णा रागावले, मग गप्प बसले. थोड्या वेळाने नातवाला आपल्या पहिल्या गाडीच्या गोष्टी सांगू लागले.

पन्नास मिनिटांनी गस्तीची गाडी आली, मागोमाग क्रेन. त्यांनी आधी मागे ट्रॅफिकचे कोन लावले, मगच गाडीला हात लावला. निघताना त्यातल्या एकाने माझ्या त्रिकोणाचे दोन्ही दगड उचलून कठड्यापलीकडे टाकले. "ताई, हे राहिले की रात्री टू-व्हीलरवाला पडतो." बंद ट्रकमागे लावलेले दगड आणि झाडाचे डहाळे ट्रक गेल्यावरही तिथेच पडलेले मी कितीदा पाहिलेत, पण ते आपण उचलायचे असतात हे कधी मनात आलं नव्हतं.

नऱ्ह्याच्या गॅरेजमध्ये कळलं, रेडिएटरचा वरचा होसपाइप क्लिपपाशी चिरला होता. मेकॅनिक म्हणाला, "अजून दोन किलोमीटर ओढली असती तर इंजिनाचं हेड गॅस्केट गेलं असतं." पाइप, क्लिप आणि कूलंट, एवढ्यावर भागलं. त्रिकोण आता डिकीत सामानाखाली नसतो, मागच्या सीटच्या पायाशी असतो. तो उघडायला मुलाला शिकवलाय, आणि अण्णांनाही.