पट्टा बांधला तर उडी कशी मारणार?

मुंबईतून पाऊस सरासरी ८ ऑक्टोबरच्या आसपास माघार घेतो, असं हवामान खातं सांगतं. तोवर टेकड्यांवरचं गवत कमरेला लागलेलं असतं. मग ऑक्टोबरचं ऊन सुरू होतं, गवत वाळतं आणि दिवाळीत एक बाण भलतीकडे गेला तरी अख्खा उतार पेटू शकतो. त्यामुळे पवईच्या बाजूला टेकडीवर वसलेल्या एका संकुलाने दिवाळीआधी गवत कापून घ्यायचं काम काढलं. मी तिथे ठेकेदाराच्या वतीने सेफ्टी बघत होतो.

सकाळी ट्रॅक्टर आला. मागे गवत कापायचा पाच फुटी स्लॅशर, वर झालर लावलेलं छत, चालवायला जुन्नरकडचे नाना आणि मडगार्डवर बसलेला त्यांचा भाचा. छताचे पाइप हाताने हलवून बघितले तर सगळं छत डुगडुगलं. हे छत उन्हासाठी असतं. ट्रॅक्टर उलटला तर माणसाला जागा राहावी म्हणून चासिसला पक्का बसवलेला रोल बार लागतो, आणि तो या ट्रॅक्टरला नव्हताच. दोन ब्रेक पेडलींची कडीही सुटलेली होती. शेतात वळताना एकाच चाकाचा ब्रेक दाबायला ती सोडतात. उतारावर एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर गर्रकन आडवा होतो.

"हा उतारावर जाणार नाही," मी म्हटलं.

संकुलाचे मॅनेजर घड्याळ बघत होते. "अहो, मागच्या वर्षी असाच ट्रॅक्टर होता. काही झालं नाही."

मागच्या वर्षी काही झालं नाही, हे वाक्य मी प्रत्येक साइटवर ऐकतो. त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो, म्हणून मी उतार मोजायला घेतला. दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर गवंड्याची लेव्हल आणि टेप. पट्टीचं एक टोक उताराला टेकवायचं, बुडबुडा मधोमध आणायचा आणि दुसऱ्या टोकाखाली जमीन किती खोल आहे ते मोजायचं. सर्व्हिस रस्त्याच्या खालच्या पट्ट्यात ३८ सेंटिमीटर भरले, म्हणजे साधारण ११ अंश. पूर्वेच्या कुशीला ६२, म्हणजे १७ अंश. रस्त्याच्या वरच्या अंगाला ८४, म्हणजे जवळजवळ २३ अंश. साध्या ट्रॅक्टरला मी १५ अंशांच्या पुढे जाऊ देत नाही, आणि गवत ओलं असेल तर तेवढंही नाही. मॅनेजरांनी तो ८४चा आकडा स्वतः वाकून वाचला आणि मग ठेकेदाराला फोन लावला.

पनवेलच्या साइटवरचा रोल बारवाला ट्रॅक्टर यायला दुपार झाली. एका परीने बरंच झालं, दव सुकलं. तोपर्यंत आम्ही खालचा पट्टा पायी पालथा घातला. गवतात एक वारूळ, एक उघडं चेंबर आणि बरेच सुटे धोंडे सापडले. प्रत्येक ठिकाणी लाल फडक्याचा बांबू रोवला. खालच्या रस्त्यावर दोरी बांधून रहदारी लांबच थांबवली, कारण स्लॅशरच्या पात्याला लागलेला दगड कुठे जाईल याचा नेम नसतो.

नव्या ट्रॅक्टरची मागची चाकं बाहेरच्या बाजूला सरकवून बसवलेली होती, पुढे वजनं होती. मी ब्रेकची कडी अडकवली, भाच्याला मडगार्डवरून उतरवलं आणि नानांना सीटचा पट्टा बांधायला सांगितलं. तिथे गाडी अडली.

"साहेब, पट्टा बांधला तर उडी कशी मारणार? आमच्याकडे पोराला पहिलं तेच शिकवतात. कलला की मार उडी."

नाना हयातभर ट्रॅक्टर चालवत आलेले, त्यांना पुस्तकी उत्तर देऊन चालणार नव्हतं. मी म्हटलं, "नाना, तुम्ही उडी कुठल्या अंगाला माराल?"

"खालच्या."

"आणि ट्रॅक्टर कुठल्या अंगाला पडणार?"

ते गप्प झाले. सकाळच्या ट्रॅक्टरवर त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. रोल बार नसेल तर पट्टा बांधू नये, कारण मग माणूस यंत्राखालीच अडकतो. रोल बार असेल तर मात्र पट्टा हवाच, नाहीतर सीटवरून फेकलेला माणूस त्याच बारखाली येतो. ही जोडी आहे, एक घेऊन दुसरं सोडता येत नाही.

कापणीची पद्धतही ठरवून घेतली. आडवं जायचंच नाही. ट्रॅक्टर दिसायला चार चाकांचा असला तरी पुढचा ॲक्सल मधल्या पिनेवर झुलतो, त्यामुळे कलायला लागला की आधार तिनांचाच: मागची दोन चाकं आणि ती पिन. आडव्या उतारावर वजन सहज त्या त्रिकोणाबाहेर जातं. सरळ चढ चढणंही नको. मागची चाकं रुतली आणि क्लच झटक्यात सोडला की ॲक्सलभोवती पुढचा भागच उचलला जातो, आणि सावरायची संधी एका सेकंदाच्या आत निघून जाते. म्हणून सर्व्हिस रस्त्याने वर यायचं, आधीच लो गिअर टाकायचा, कापत सरळ खाली उतरायचं आणि वळसा घेऊन पुन्हा वर. डिझेल जास्त जातं. ठेकेदार त्यावरही कुरकुरला.

अर्धाअधिक पट्टा छान झाला. मग उतरता उतरता उजवं मागचं चाक धसकन खाली गेलं. केबलसाठी कधीतरी खणलेला चर वरवर बुजवला होता, पावसाने आतली माती बसली होती आणि वर गवत इतकं दाट की चालताना आमच्या पायालाही तो लागला नव्हता. डावं चाक उचललं गेलेलं मला स्पष्ट दिसलं, त्याच्या खाचांमधून माती गळत होती. भाचा किंचाळला, "मामा, उडी मारा!"

नानांचा डावा हात पट्ट्याच्या बकलाकडे गेला आणि तिथूनच परत स्टेअरिंगवर आला. त्यांनी चाकं उताराच्या दिशेने सरळ धरली, उजव्या हाताने लिफ्टचा दांडा खाली ढकलला. स्लॅशर जमिनीत रुतला, ट्रॅक्टर त्यावर टेकला आणि कललेल्या स्थितीतच थांबला. स्लॅशर फिरवणारा पीटीओ बंद, इंजिन बंद, हँडब्रेक. हे सगळं झाल्यावरच त्यांनी पट्टा सोडला आणि वरच्या अंगाने उतरले.

पाणी प्यायल्यावर भाच्याला म्हणाले, "खाली बघ. मी कुठं पडलो असतो?" खाली ते लाल फडक्याचं चेंबर होतं.

ट्रॅक्टर काढायला जेसीबी वरच्या रस्त्यावर उभा केला आणि साखळी ट्रॅक्टरच्या ड्रॉबारला, म्हणजे मागच्या खालच्या ओढदांड्याला लावली. कोणीतरी ती टॉप लिंकला, म्हणजे स्लॅशर धरणाऱ्या वरच्या दांड्याला अडकवायला निघालं होतं, त्याला मी ओरडलो. उंचावरून ओढलं की ट्रॅक्टर उलटवायला आपणच मदत करतो. साखळीचा नुसता धर ठेवला, चाकापुढची माती कुदळीने उतरती केली, चरात फळ्या टाकल्या आणि नाना लो गिअरमध्ये हळूहळू खाली निघाले. चराची पूर्ण लांबी सळईने टोचून शोधली, तिथे चुना टाकला आणि तेवढी पट्टी हाताने कापायला ठेवली.

पूर्वेची कूस आणि वरचा उतार पुढच्या दिवसांत ग्रास कटरवाल्या पोरांनी कापला. वरच्या अंगाला तर दोर कमरेला बांधूनच.

वाद झाला तो बिलावर. ठेकेदाराला सगळ्या चौरस मीटरला हाताच्या कापणीचा दर हवा होता, मॅनेजर ट्रॅक्टरच्या दराच्या वर जायला तयार नव्हते. शेवटी माझ्या वहीतले उताराचे आकडे टेबलावर आले आणि १५ अंशांखाली एक दर, वर दुसरा, अशी तोड निघाली. पुढच्या वर्षीच्या निविदेत तेच दोन दर घातलेत. जेसीबीचं भाडं कोणी द्यायचं, ते अजून ठरायचंय.